उभ्या राहणाऱ्यांचा नाच

नवशिके आणि मुरलेले एकाच सभागृहात जमले, तर कोणते नाच निवडावेत, याचं एक ठरीव उत्तर कॉन्ट्रा डान्सच्या जगात मिळतं. सगळ्यांना सारखं काम असेल असेच नाच घ्यावेत. कोणाला ताटकळत उभं ठेवू नये. नवा माणूस नुसता उभा राहिला की कंटाळतो, आणि कंटाळला की पुन्हा फिरकत नाही. हे ऐकायला इतकं रास्त वाटतं, की त्यावर वाद घालणाराच आडमुठा ठरावा. तो आडमुठेपणा पत्करून सांगते, मला हे पटत नाही. नव्या माणसाला मधूनमधून उभं राहायला मिळणं ही जुन्या नाचांनी त्याची केलेली सोय होती. ती आपण हौसेने काढून घेतली आणि वर म्हणतो, नवे लोक टिकत का नाहीत!

आधी हा नाच कसला ते सांगायला हवं. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, न्यू इंग्लंडमधल्या गावोगावच्या टाउन हॉलमध्ये आणि ग्रेंज या जुन्या शेतकरी संघटनेच्या लाकडी जमिनीच्या सभागृहांत तो नाचला जातो. मूळ इंग्लंडातलं. जॉन प्लेफर्ड या लंडनच्या प्रकाशकाने १६५१ साली तिथल्या नाचांचं पुस्तक काढलं, तेव्हाच यातले पुष्कळसे प्रकार रुळलेले होते. पुढे वसाहतींबरोबर ते समुद्रापार आले आणि इथे त्यांनी आपलं वेगळं वळण घेतलं. आपल्याकडच्या वाचकाने दोन रांगांचा दांडिया आठवावा. तिथे जसं प्रत्येक आवर्तनाला एक घर सरकायचं आणि समोर नवा माणूस, तसंच इथेही. फरक एवढाच की टिपऱ्या नाहीत, आणि सरकायचं ते एकट्याने नाही, जोडीने. बाजूला फिडल आणि पियानो जिवंत वाजत असतात. धून ६४ पावलांची, अर्ध्या मिनिटात संपणारी, आणि तीच पुन्हा पुन्हा. वादकांशेजारी उभा असलेला कॉलर पुढची हालचाल ठेक्याच्या किंचित आधी पुकारत जातो.

नाचापूर्वी कॉलर ‘हँड्स फोर’ म्हणतो आणि वादकांकडच्या टोकापासून चार-चारांच्या चौकड्या पडत जातात. चौकडीत वादकांच्या जवळची जोडी ती एकची, दुसरी ती दोनची. दर आवर्तनाला एकची जोडी एक घर खाली उतरते, दोनची एक घर वर चढते. टोकाला पोचलं की एक आवर्तन थांबायचं, मग एकच्याचे दोनचे होऊन, दोनच्याचे एकचे होऊन परतीच्या वाटेला लागायचं. नाच आठ-दहा मिनिटं चालतो, तेवढ्यात रांगेतल्या बहुतेकांच्या हातात हात देऊन होतो.

मी अधूनमधून कॉलिंग करते. आमच्या पश्चिम मॅसॅच्युसेट्समध्ये कॉलेजं खंडीभर, त्यामुळे सप्टेंबर उजाडला की सभागृहात निम्मे चेहरे नवे. लोक आत येऊ लागले की मी त्यांच्या पायांकडे बघते. पिशवीतून मऊ तळव्यांचे बूट काढून बाकावर बसून बदलणारा माणूस मुरलेला. रस्त्यावरच्या बुटांनी थेट आत येऊन भिंतीला पाठ लावणारा नवा. ही शिरगणती झाली की पत्त्यांच्या डब्यातली दोन-चार कार्डं मागे जातात, दोन-चार पुढे येतात. एकेका कार्डावर एकेक नाच चार ओळींत लिहिलेला, आणि वरच्या कोपऱ्यात त्याची मांडणी: लोकांनी कसं उभं राहायचं ते. नवा कॉलर आधी हालचाली वाचतो. मी आता आधी तो कोपरा वाचते.

हल्ली त्या कोपऱ्यात दोनच शब्द आढळतात. एक इम्प्रॉपर: एकच्या जोडीने आपापसांत बाजू बदलून उभं राहायचं, म्हणजे प्रत्येकाच्या शेजारी जोडीतल्या दुसऱ्या भूमिकेचा माणूस येतो आणि शेजाऱ्याबरोबर स्विंग (एकमेकांना धरून गिरक्या) घेता येतो. दुसरा बेकेट: हर्बी गॉड्रो यांनी १९५०च्या दशकात रचलेल्या एका नाचातून आलेला, आमच्याच डोंगराळ भागातल्या बेकेट गावाचं नाव लावणारा. त्यात जोडीदार शेजारी-शेजारी उभे राहून समोरच्या जोडीकडे बघतात. १९७० नंतर तरुण मंडळी लोटली, त्यांना एक क्षणही थांबायचं नव्हतं, आणि रचनाकारांनी त्यांना हवं ते दिलं. प्रत्येक आवर्तनात जोडीदाराशी एक स्विंग, शेजाऱ्याशी एक स्विंग, चौघांना सारखंच काम. डेव्हिड केनर यांचा ‘द बेबी रोझ’ हा त्यातला गोड आणि सोपा नमुना. मीही संध्याकाळची सुरुवात कितीदा तरी त्यानेच करते. या मांडण्यांशी माझं वैर नाही. संध्याकाळभर फक्त त्याच असाव्यात, याला माझी हरकत आहे.

जुनी मांडणी प्रॉपर. एका रांगेत सगळे एका भूमिकेचे, दुसऱ्या रांगेत सगळे दुसरीचे. पूर्वी एकीकडे पुरुष आणि एकीकडे बायका असत. आता बहुतेक ठिकाणी भूमिकांना लार्क आणि रॉबिन अशी पाखरांची नावं आहेत आणि कोणीही कुठेही उभं राहतं, ते उत्तमच झालं. पण मांडणीतली खुबी तशीच राहिली. आपल्या डाव्या-उजव्या हाताला जो उभा आहे त्याची भूमिका तीच असते जी आपली आहे. नवशिक्याला याहून मोठी मदत कोणती? मान वळवायची आणि नक्कल करायची. इम्प्रॉपरमध्ये शेजारी नेमका उलट वागत असतो, त्याची नक्कल केली की फसलात. आणखी एक बारीक गोष्ट. इम्प्रॉपरच्या टोकाला थांबलेल्या जोडीने न विसरता बाजू बदलायची असते. नवी जोडी ते हमखास विसरते, पुढच्या आवर्तनात चौकडीच्या चौकडी गोंधळते, आणि कॉलरला मंचावरून हातवारे करावे लागतात. प्रॉपरमध्ये बाजू बदलायची भानगडच नाही. थांबा आणि परत फिरा.

आता ‘कोरस जिग’ बघा. जुन्या नाचांना इथे चेस्टनट्स म्हणतात, त्यातला हा मानकरी. आधी एकची जोडी रांगांच्या बाहेरून खाली जाऊन परत येते. मग दोघं हात धरून मधून खाली जातात, परततात आणि दोनच्या जोडीला वळसा घालून एक घर खाली उतरतात. तिसऱ्या भागात अवघड काम येतं, कॉन्ट्रा कॉर्नर्स: जोडीदाराला उजवा हात देऊन फिरायचं, समोरच्या रांगेतल्या उजवीकडच्या कोपऱ्याला डावा हात, पुन्हा जोडीदाराला उजवा, मग डावीकडच्या कोपऱ्याला डावा. शेवटी मध्यावर येऊन बॅलन्स आणि स्विंग. कागदावर वाचून डोकं भणभणतं. म्हणूनच कॉलर मंडळी म्हणतात, नवशिक्यांसमोर याचं नाव काढू नका.

पण हा नाच दोनच्या जोडीच्या डोळ्यांनी बघा. ६४ पावलांपैकी निम्म्याहून जास्त पावलं ती उभीच असते. तिने करायचं काय, तर वळसा घेणाऱ्याला सोबत द्यायची, आणि तिसऱ्या भागात कोणी आपल्याकडे येताना दिसलं की डावा हात पुढे करायचा. बस. बारा जोड्यांच्या रांगेत तळाशी दोनच्या जागी उभी राहिलेली जोडी वादकांपाशी पोचेपर्यंत अकरा आवर्तनं होतात. म्हणजे जो अवघड भाग तिला करायचा आहे, तो दर वेळी निराळ्या जोडीकडून अकरा वेळा, तोही हातभर अंतरावरून, बघून होतो. शिवाय नुसता बघून नाही, त्यात स्वतःचा डावा हात घालून. कोणताही कॉलर कितीही घसा फोडून इतकं शिकवू शकत नाही. आणि आमच्यातल्या बऱ्याच जणांना घसा फोडायची भारी आवड. नाचाआधीची चालून दाखवण्याची फेरी दहा-दहा मिनिटं लांबते, फिडलवाला तारा पिळत बसतो, उभ्या असलेल्यांचे पाय गार पडतात. उभं राहून कंटाळा येतो तो असा, संगीताशिवाय.

जुन्या काळी तर ही सोय आणखी मोठी होती. तेव्हा नाच सगळीकडे एकदम सुरू होत नसे. फक्त माथ्याची, म्हणजे वादकांकडच्या टोकाची जोडी सुरू करी, बाकीची रांग बघत उभी. जोडी खाली सरके तसतसे आणखी लोक नाचात ओढले जात. शेवटच्या माणसापर्यंत नाच पोचायला बराच वेळ लागे, तोवर त्याला तो पाठ झालेला असे. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या कादंबरीत नेदरफील्डच्या नाचात एलिझाबेथ आणि डार्सी एकमेकांना टोमणे मारायला एवढी सवड कुठून काढतात, हे कोणाला कोडं पडलं असेल तर त्याचं उत्तर या रांगेत आहे. उभं राहणं हा त्या नाचाचाच भाग होता, आणि त्यात गप्पा होत, लग्नंही जुळत.

मिश्र जमावाचं सगळ्यात फर्मास वर्णन मात्र डिकन्सचं. ‘अ ख्रिसमस कॅरल’ या १८४३च्या पुस्तकात फेझिविगशेठ नाताळच्या आदल्या संध्याकाळी गोदाम झाडून घेतात आणि तिथे नाच लावतात. कारकून, मोलकरीण, तिच्याबरोबर पाववाला, स्वयंपाकीण, तिच्याबरोबर दूधवाला, झाडून सगळे येतात. माथ्याची जोडी भलत्याच ठिकाणी उगवते, नवी जोडी पोचते न पोचते तोच सुरू करते, शेवटी सगळ्याच जोड्या माथ्याच्या होऊन बसतात. ज्याने अशी रांग कधी सांभाळली आहे त्याला हे वाचून हसावं की आठवणीने घाम फुटावा, कळत नाही. शेवटी फेझिविग आणि त्यांची बायको स्वतः माथ्याशी उभे राहून ‘सर रॉजर डी कव्हर्ली’ घेतात. याच कुळातला अमेरिकेतला नाच म्हणजे ‘व्हर्जिनिया रील’, ज्याला इथला प्रत्येक जण शाळेत एकदा तरी सामोरा गेलेला असतो. त्यात पाच-सहा जोड्यांचा एकच संच. माथ्याची जोडी सगळ्यांना हात देत खाली जाते, बाकीचे टाळ्या वाजवत बघतात, मग पुढची जोडी माथ्याला येते. मुरलेले लोक त्याचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात, शाळकरी म्हणतात. पण लहान मुलं आणि आजी-आजोबा घेऊन कुटुंबंच्या कुटुंबं आलेली असतात, तेव्हा यापेक्षा वरचढ नाच मला माहीत नाही. फक्त सगळ्यात पोक्त जोडी माथ्याला उभी करायची, हे पथ्य पाळावं.

उरलेल्या मांडण्यांचा हिशेब थोडक्यात. सिसिलियन सर्कलमध्ये जोडीसमोर जोडी उभी राहून सभागृहभर गोल धरतात. त्याला टोकच नाही, त्यामुळे टोकावरचा घोळ नाही. अगदी कोऱ्या पाट्या जास्त असतील तर हाच घ्यावा. बर्फ पडतंय आणि मोजकेच लोक आलेत, तर रचनाकार टेड सॅनेला यांच्या तीन जोड्यांच्या ट्रिप्लेटसारखा आधार नाही. चार जोड्यांच्या स्क्वेअरमध्ये एक जण हरवला की आठही जण थिजतात, म्हणून तो मी मध्यंतरानंतरच्या गर्दीसाठी ठेवते. आणि ट्रिपल मायनर, म्हणजे तीन-तीन जोड्यांची मांडणी, तिच्यापासून नव्यांना लांब ठेवावं, इथे मी ठरीव मताच्या बाजूची आहे. तिच्यात खालची जोडी एका आवर्तनाला दोनची असते, पुढच्याला तीनची, पुन्हा दोनची. ‘मनी मस्क’ची धून कितीही पाय थिरकवणारी असो, आपला आकडा दर अर्ध्या मिनिटाला बदलतोय हे कळायच्या आत नवा माणूस घामाघूम होतो. ‘हल्स व्हिक्टरी’चंही तेच, जरा वेगळ्या कारणाने. १८१२च्या युद्धात कॅप्टन आयझॅक हल यांच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ जहाजाने ब्रिटिशांच्या ‘गेरियर’ला नामोहरम केलं, त्या विजयाचं नाव या नाचाला आहे, आणि ते जहाज अजून बॉस्टनच्या बंदरात उभं आहे. या नाचात चौघांची एक आडवी लाट धरावी लागते. एकाने तोंड चुकीच्या दिशेला केलं तर लाट फुटते.

मागे एका संध्याकाळी कॉलेजची मुलं घोळक्याने आली. त्यांत नागपूरचा एक मुलगा होता. माझं आडनाव ऐकून त्याने थेट मराठीच सुरू केलं. दुसऱ्याच नाचाला मी ‘कोरस जिग’ लावला आणि नव्यांना मुद्दाम दोनच्या जागी, दोन मुरलेल्या जोड्यांच्या मध्ये पेरलं. चालून दाखवण्याची फेरी संपली तसा तो मंचाशी आला.

“काकू, आम्ही नुसतं उभंच राहायचं का?”

“डावा हात तयार ठेव. बाकी काही नको.”

“आणि समोरचा आलाच नाही तर?”

“येईल. त्याला जायला दुसरी जागाच नाही.”

पहिल्या दोन आवर्तनांत तो हात आखडून उभा होता, पोलिसाने झडती घ्यावी तसा. तिसऱ्यात एका सत्तरीच्या बाईंनी त्याचा पंजा धरून, अंगठा वर करून, कोपर किंचित वाकवून दिलं, आणि त्या निघूनही गेल्या. बोलल्या एक शब्द नाहीत. तेवढ्याने त्याचा हात सरळ झाला. त्यानंतर तो दर आवर्तनाला आधीच तयार. मग मान हलू लागली, मग टाचा. वर पोचेतो तो माझ्याकडे बघेनासा झाला होता, धूनच त्याला सांगत होती. जुन्या नाचांची ही आणखी एक गंमत: नाच आणि धून यांचं नाव एकच, जोडी पक्की, त्यामुळे कोणत्या सुरावर वळायचं ते कानात बसतं. एकच्या जागी आल्यावर पहिला कोपरा त्याने बिनचूक घेतला. दुसऱ्याला तो भलत्याच माणसाकडे धावला, तर योग्य कोपऱ्यातल्या आजोबांनी दोन पावलं पुढे येऊन त्याला वाटेतच पकडलं. हे त्यांना जमलं, कारण ते उभे होते. चौघं सतत पळत असतील तर चुकणाऱ्याला पकडायला मोकळा हात कोणाचा?

मुरलेल्यांना याचा कंटाळा येतो, ही तक्रार खोटी नाही. प्रॉपर नाच पुकारला की चार-पाच जण पाणी प्यायला जातात. जाऊ द्यावं. कारण त्यांना हवं आहे तेही मला कळतं. ओळीने चार नव्या रचना नाचून, स्विंगच्या गिरक्यांनी जग गरगरत असताना, हा नाच म्हणजे एक नशाच असते. पण तीच गिरकी नवशिक्याच्या पोटात ढवळते. मुरलेला माणूस जोडीदाराच्या चेहऱ्यावर नजर रोवून भोवळ टाळतो. नव्याला कोणाच्या डोळ्यांत इतका वेळ बघायचा संकोच वाटतो, तो जमिनीकडे बघतो आणि भेलकांडतो. दोन आवर्तनं भिंतीसारखं उभं राहायला मिळालं तर तो पुढच्या नाचाला टिकेल, नाहीतर कोट चढवून घरी जाईल.

जुन्या नाचांवर नवे लोक टिकतात, याला दाखलाही आहे. न्यू हॅम्पशरचे कॉलर राल्फ पेज १९०३ साली जन्मले. सगळीकडे स्क्वेअर डान्सची चलती होती तेव्हाही त्यांनी हे जुने नाच सोडले नाहीत. १९४९ साली ‘नॉर्दर्न जंकेट’ हे मासिक काढून ते जवळजवळ अखेरपर्यंत चालवलं, नाचांची टिपणं त्यात जपली. त्यांच्यामागून त्याच राज्यातल्या कँटरबरीचे डडली लॉफमन आले आणि त्यांनी साठ-सत्तरच्या दशकांत सोप्या जुन्या नाचांवर तरुणांच्या झुंडी नाचवल्या. त्यांच्यापुढे सगळेच तर कोरे होते. त्यांनी त्यांना प्रॉपर नाच दिले आणि पोरं पळून गेली नाहीत. आज जी मंडळी नव्यांच्या नावाने हे नाच नको म्हणतात, त्यांतले कित्येक स्वतः त्याच नाचांवर वाढलेले आहेत.

तेव्हा माझा प्रस्ताव माफक आहे. संध्याकाळी दहा-बारा नाच होतात, त्यातला एक तरी प्रॉपर असावा, आणि तो पूर्वार्धात असावा, नवे लोक अजून गेलेले नसताना. नव्यांना दोनच्या जागी ठेवावं. कॉलरने कमी बोलावं.

आणि वाचकहो, मुलाकडे किंवा मुलीकडे बॉस्टनच्या बाजूला येणं झालं, तर एखाद्या शनिवारी अशा कुठल्याही सभागृहात जरूर जा. जोडीदार बरोबर असावा लागत नाही, येत काही नसलं तरी चालतं, कोणीतरी हात पुढे करतंच. मात्र लाजून रांगेच्या तळाला जाऊ नका. सगळे नवे लाजून तिथेच जमतात, आणि मग शिकवायला कोणी उरत नाही. मधोमध उभे राहा.